पाठमोरी मांडवी

कालपासून पलीकडच्या मळ्यात ऊसतोड लागली आणि आमच्या घराला कुलूप लागलं. आतून.

दरसाल असंच होतं. ऊस उभा असतो तोवर बिबट्या त्यात सुखानं राहतो. त्याचं तो, आमचं आम्ही. कोयता सुरू झाला की त्याचं घर कापलं जातं. आज या मळ्यातून त्या मळ्यात, उद्या त्या मळ्यातून आमच्याकडं, असा तो सरकत येतो. दिवस कलला की आमची सून सुनीता गोठ्याचं दार ओढून घेते, पडवीच्या ग्रिलला कुलूप घालते आणि किल्ली कमरेला खोचते. हे ग्रिल माझ्या मुलानं बसवलं. तो चाकणला कंपनीत आहे, सुट्टीला येतो. लोखंड बसवलं की काळजी मिटली, असं त्याला वाटतं. मी ग्रिलच्या आत खुर्ची टाकून बसतो. समोर गोठ्याची भिंत. बिबट्याला पकडायला वनखातं जो पिंजरा लावतं, त्याचे गज आमच्या गजांपेक्षा जरा जाड असतात. एवढाच फरक.

"मामा, आत या की. टीवी बघा."

"काय बघू त्यात? हिंदीत रडत्यात नुसत्या. जरा कुलूप काढ, वट्यावर बसतो."

"न्हाई."

"तू सून हायेस का जेलर?"

"जेलर म्हना न्हाईतर काय बी म्हना. बाहेर जायचं न्हाई."

पोरगी वाईट नाही. शेत तीच बघते, गाया तीच बघते, आणि मलाही तीच बघते. पण सकाळी मला काही होत नाही, दुपारी काही होत नाही, नेमका दिवेलागणीला माझा जीव कोंडतो. कारण ती वेळ इंदूची होती.

इंदू माझी बायको. आखाडात गेली. ताप आला तो उतरलाच नाही. त्याबद्दल मला जास्त काही लिहायचं नाही. तिच्यामागचा हा पहिला हंगाम.

आमच्या ओट्याच्या टोकाला एक काळा दगड आहे. धारा काढून झाल्या की भाकरीला बसायच्या आधी इंदू त्या दगडावर येऊन बसायची. हातात काहीतरी असायचंच. शेंगा फोडायच्या, नाहीतर घेवडा निवडायचा. पण ते नावाला. त्या दगडावरून गोठा आणि विहीर यांच्या मधल्या फटीतून कालवा दिसतो. बाकी घरातून कुठूनच दिसत नाही. ती कालव्याकडं बघत बसायची. कुणाशी बोलायची नाही. मी काही विचारलं तर "हं" म्हणायची. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती कुणाची ना कुणाची असायची. माझी, पोरांची, गायांची, रोजानं आलेल्या बायांची. तेवढा वेळ ती तिची असायची. मला हे तेव्हा कळलं, असं मी म्हणणार नाही. मला फक्त एवढं माहीत होतं की त्या वेळेला तिला हाक मारायची नाही.

मग बिबट्याचं ते साल आलं. आमच्या पिंपळवंडीच्या बाजूला उसाचं रान वाढलं, कालव्याचं पाणी बारमाही झालं, आणि डोंगरातलं जनावर खाली आलं ते राहिलंच. उसातच व्यायलं. आधी कुत्री गेली. आमचा मोत्या गेला, साखळी तेवढी राहिली. मग वासरं. मग तालुक्यात माणसांवर झडप घातल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. दिवस मावळायच्या आत दारं बंद. परसाकडं जायचं तरी चौघांनी मिळून. रस्त्यानं चालायचं तर बाया-पोरं मधे, पुढं-मागं गडीमाणसं, हातात बॅटऱ्या, आणि तोंडानं सारखा आवाज. कुणी खोकायचं, कुणी टाळ्या वाजवायचं, कुणी अभंग म्हणायचं. देवासाठी नव्हे, बिबट्यासाठी.

आमच्या बांधाला पिंजरा लावला होता. आतल्या कप्प्यात बकरी. दिवस बुडायला लागला की ती बकरी ओरडायला सुरुवात करायची, आणि आमच्या घरात इंदू भिंतीला टेकून बसलेली असायची. हातात शेंगा. समोर चूल. दोन-तीनदा ती उठून दाराच्या फटीला डोळा लावायची.

मी म्हणायचो, "काय बघतीस?"

"काय दिसतंय त्यातनं? अंधार."

असे दिवस गेले, आणि माघात बबनशेठनं सहल काढली.

बबनशेठ म्हणजे आमच्या भावकीतला. टोमॅटोचा व्यापार करायचा, पैसा बरा होता आणि हौस त्याहून जास्त. दरवर्षी तो ट्रॅव्हलची गाडी ठरवून वाडीतल्या लोकांना देवाला न्यायचा. त्या साली कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा, नरसोबाची वाडी, आणि मग हळूच शेवटी म्हणाला, "आलोच हाये येवढ्या लांब तर पणजी बघून जाऊ. राजधानी हाये गोव्याची." म्हाताऱ्या बायांना गोवा म्हणजे दारू एवढंच ऐकून माहीत. त्यांनी पदर तोंडाला लावले. दगडूनाना मात्र म्हणाला, "देवाचं झालं, आता देवमाणसांचं बघू." आमचा दगडूनाना म्हणजे माझा शेजारी. याला स्मशानात नेलं तरी चेष्टा करील.

घाट उतरून दुपारी पणजीला पोचलो. पहिलं दिसलं ते पांढरंधोट चर्च. खालपासून वरपर्यंत पायऱ्या, इकडून तिकडं वळत गेलेल्या. आमच्या बायांनी काय करावं? पहिल्याच पायरीशी चपलांचा ढीग घातला आणि अनवाणी वर निघाल्या. ऊन चटका देत होतं. तिथला माणूस सांगतोय, चपला घालून या, चालतं. ऐकतंय कोण! लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलेल्या बाया त्या, पायऱ्या दिसल्या की त्यांच्या पायातली चप्पल आपोआप सुटते. वर जाऊन इंदूनं आतल्या बाईच्या मूर्तीला हात जोडले. म्हणाली, "हितं बी आईच हाय." आणि मागं वळून खाली पसरलेलं गाव बघत उभी राहिली. कौलं, माड, त्यांच्या पलीकडं रुंद पाण्याचा पट्टा.

"त्यो समिंदर का?"

"नदी हाये," बबनशेठ म्हणाला. "मांडवी."

"येवढी?"

आमची कुकडी-मीना बघितलेल्या बाईला ती नदी पटणं अवघड होतं.

मग जुन्या गल्ल्यांतून फिरलो. पिवळी, निळी, तांबडी घरं, रस्त्यावर आलेले लहान लहान सज्जे. मला त्या घरांचं फार काही वाटलं नाही. भिंती जुन्या, रंग नवा. पण इंदू प्रत्येक दाराशी रेंगाळत होती. मला वाटलं नक्षी बघत असेल. थोड्या वेळानं म्हणाली, "अवं, समद्यांची दारं उघडी हायेत."

"त्यांच्याकडं ऊस न्हाई," मी म्हणालो.

नदीकाठाला जुन्या सचिवालयापाशी एक काळा पुतळा आहे. लांब झग्यातला पाद्री, दोन्ही हात पुढं ताणलेले, डोळे वटारलेले, आणि त्याच्या हातांखाली एक बाई मागं कोसळत असलेली. आमची सगळी माणसं तिथं थबकली. हा कोण, ते बबनशेठला ठाऊक नव्हतं, पण दगडूनानाला लगेच कळलं.

"भगत हाय भगत. बाईला झपाटलंय, त्यो उतरवतोय."

"पाद्र्याला बी येतं व्हय उतरवाय?" कुणी तरी विचारलं.

"न येऊन करतोय काय? भुतं काय जात बघून लागत्यात?"

सगळे हसले. इंदू हसली नाही. ती पुतळ्याला फेरी मारून आली, त्या बाईच्या तोंडाकडं वाकून बघितलं आणि मला म्हणाली, "किती वर्सं झाली आसतील हिला आशी पडतीया त्याला? पडू बी देत न्हाईत, आन् उठू बी देत न्हाईत."

मी म्हणालो, "चल, गाडीपाशी जाऊ."

खरं सांगायचं तर त्या सहलीत कुणाचंच मन पणजीत नव्हतं. देहानं आम्ही तिथं, मन पिंजऱ्यापाशी. गाडीत बसलं की बोलणं एकच. आता बकरीला पाला कोण टाकत असेल, आता गोठ्याची कडी पोरानं नीट लावली असेल का. बागेतल्या बाकावर बसून शेंगदाणे खाताना बाया उसाचंच बोलत होत्या. नदीवरून मोठमोठ्या बोटी जात होत्या, पैलतीरावर घरं चमकत होती, आणि माझी नजर सारखी बागेतल्या झुडपांच्या बुडाशी जात होती. पान हाललं की मान वळायची. माणूस गाव सोडून लांब येतो, पण मान त्याची बांधावरच राहते.

दिवस कलला. उन्हं पाण्यावर तिरपी झाली. आणि तेव्हा आमच्या लोकांनी जे केलं, ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि अजून वाईट वाटतं.

कुणी इशारा दिला नाही. पण एकदम सगळे उठले. बायांनी पोरं ओढून मधे घेतली. चार गडी पुढं, चार मागं. पिशव्यांतून बॅटऱ्या निघाल्या. रस्त्यावर म्युनिसिपालटीचे दिवे लखलखत होते, तरी बॅटऱ्या पेटल्या. मागच्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पुढच्यानं मोठ्यानं अभंग धरला, आणि त्या नदीकाठच्या झकपक रस्त्यानं आमची वरात एकमेकांना चिकटून गाडीकडं निघाली. फिरायला आलेले लोक बाजूला होऊन बघायला लागले. एका पँटवाल्या गृहस्थानं विचारलं, "कसली मिरवणूक आहे हो?"

"बिबट्याची," दगडूनाना म्हणाला. "मागनं येतोय, थांबा तुमी."

गाडीपाशी पोचल्यावर बबनशेठनं माणसं बघितली, आणि मला म्हणाला, "वहिनी कुठंयेत?"

इंदू वरातीत नव्हती. ती मागंच होती. नदीकाठच्या बुटक्या कठड्यावर, पाण्याकडं तोंड करून, पदर खांद्यावरून घेऊन बसलेली. आमच्या ओट्यावरच्या दगडावर बसायची, अगदी तशी. गाडीतली माझी काठी उचलून मी आणि बबनशेठ धावतच गेलो.

"वहिनी, चला. दिस बुडाला."

"बुडू द्या."

"गाडी सुटंल वो."

"सुटू द्या."

"आवं, तुमी सांगा की त्यांना," बबनशेठ माझ्याकडं वळला.

मी तिला म्हणालो, "इंदे, काय खुळ्यागत करतीस? ऊठ."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. म्हणाली, "दिवाळीपास्नं मी एक सांज बगितली न्हाई. उद्या घरी गेलं की परत दार. ही येकच सांज हाय माजी. मला हितं बसू द्या. तुमी जावा."

बबनशेठ बिचारा कठड्याकडं बघेना, पाण्याकडं बघेना, नुसता झुडपांकडं बघत उभा. घाबरला होता, दुसरं काय. आणि मीही घाबरलेलो होतो. आजूबाजूला माणसं आइस्क्रीम खात फिरत होती, पोरं सायकली चालवत होती, आणि आम्ही दोन बापे अंधारात उसाच्या कडेला अडकल्यासारखे उभे. मी बबनशेठला म्हणालो, "तू जा. तिकडं जेवणं उरकून घ्या. आमी येतो मागनं."

"बॅटरी हाये का?"

"हाये."

तो टाळ्या वाजवत गेला.

मी इंदूशेजारी बसलो नाही. बसवलंच नाही मला. दोघांनी पाण्याकडं तोंड करून बसायचं, तर मागं कोण बघणार? मी तिच्या पाठीला पाठ करून उभा राहिलो. तिचं तोंड नदीकडं, माझं बागेकडं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. समोर रंगीत पानांची झुडपं. मी त्यांच्या बुडांवर उजेड फिरवत होतो, आणि मागून ती मला सांगत होती.

"सूर्व्या टेकला. पाणी कसं झालंय सांगू? गुळाची काहिल उतरवायला येती न्हवं, तसं. आटत आल्यावानी. जाड."

"हं."

"ती गाड्या नेनारी बोट आली. मानसं उतारली. अवं, कुनीच पळंना बगा. दिस बुडाला तरी समदी सावकास चालल्यात. एक बाई तर मधीच थांबून क्येस बांधतीया."

"बरं."

"दिवं लागलं. पाण्यात उलटं लटाकल्यात. हालत्यात, पन विझत न्हाईत."

तेवढ्यात झुडपात खसफस झाली. मी "हाड! हाड!" करून ओरडलो, काठी उगारली, आणि झुडपातून एक मांजर बाहेर आलं. ढवळं, लठ्ठ. माझ्याकडं तुच्छतेनं बघून शेपटी वर करून निघून गेलं. इंदू इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. त्या सबंध हंगामात ती हसलेली मला तेवढीच आठवते.

मग मागं तिचं लुगडं सळसळलं, पुढं वाकली असावी. मी म्हणालो, "काय गं?"

ती हळूच म्हणाली, "अवं, नदी माघारी चाललीया."

"काय?"

"खरंच. मघाशी कचरा दर्याकडं चालला व्हता. आता त्योच कचरा माघारी निगालाय. आत. वरच्या अंगाला."

"येडी का खुळी? नदी कुठं माघारी जाती व्हय?"

कठड्यावर थोडं पलीकडं एक माणूस गरी टाकून बसला होता. तो न वळता म्हणाला, "भरती आसा, मावशे. दर्या भितर येता."

त्याची भाषा आम्हाला निम्मीच कळली, पण तेवढी पुरे झाली.

"बगा," इंदू म्हणाली. "मी म्हनलं न्हवं? रोज जाती वाटतं अशी. पुढं जाती, माघारी येती. लई नशिबाची नदी."

मला वळून बघायचं नव्हतं असं नाही. मान वळवली असती तर दिसलं असतं. पण झुडपं समोर होती, आणि माझ्या मागं इंदू होती. मी वळलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. कुणीतरी मागचं बघावं लागतं, तेव्हाच दुसऱ्याला पुढचं बघता येतं. मांडवी नदी मी सांजेला बघितलेली नाही. पण कुणी विचारलं तर तिचा रंग मी सांगू शकतो.

परत आलो त्या दिवशी बांधाला माणसांची ही गर्दी. बिबट्या सापडला होता. मादी होती. गजांना धडका देऊन कपाळ फुटलेलं. पोरं दगड मारत होती, लोक ओरडत होते, आणि ती सगळ्यांकडं पाठ करून उसाकडं तोंड करून बसली होती. इंदू गर्दीत शिरली, तिला बघितलं आणि लगेच बाहेर आली.

"कुठं नेत्याल हिला?"

"लांब सोडत्यात म्हनं. जंगलात."

"मग यील माघारी," ती म्हणाली आणि धारा काढायला गेली.

आलीच. ती आली का दुसरं कुठलं आलं, कुणास ठाऊक. पण जनावर आलं. दर हंगामाला येत राहिलं. ऊस कापला तरी बुडख्यातून खोडवा फुटून येतो. तोडणीच्या टोळ्या आल्या, राहायला त्यांच्या कोप्या उठल्या, पाचट जळलं, बैलगाड्या जाऊन ट्रॅक्टर आले. त्या सगळ्या वर्षांत इंदूला दिवेलागणीला दगडावर बसायला मिळालं ते फक्त ऊस लहान असताना. बाकी दिवस ती आतून फटीला डोळा लावायची. मग ग्रिल आलं. ती म्हणाली, "आता फट बी ऱ्हायली न्हाई, समदी फटच झाली. पन कालवा कुठं दिसतो हितनं?" पणजीचं नाव तिनं पुन्हा फारसं काढलं नाही. एखाद्या वेळी गुऱ्हाळात तापलेली काहिल बघून म्हणायची, "हां, अशी."

आणि आता ती नाही, आणि मी त्या ग्रिलच्या आत बसलोय, आणि गोठ्याची भिंत बघतोय. म्हातारा माणूस कुठं जाणार आहे? पळून जाणार आहे का? पण मला तो दगड पाहिजे. तिनं रोज काय बघितलं ते मला बघायचंय. इतकी वर्षं एका घरात काढली आणि त्या दगडावर मी दिवेलागणीला एकदाही बसलेलो नाही, कारण तो तिचा होता.

हे मी सुनीतेला काल सांगितलं. सगळं नाही. पणजीचं सांगितलं, पाठ करून उभा राहिलो ते सांगितलं, मांजराचं सांगितलं. ती भाकऱ्या थापत ऐकत होती. मांजराला हसली. मग भाकरी तव्यावर टाकली.

आज दिवस कलल्यावर कुलूप वाजलं. मला वाटलं लावतेय. ती काढत होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात गोठ्यातली काठी.

"चला मामा. अंधार व्हईस्तवर. त्याच्यापुढं येक मिनिट न्हाई."

"आन् जनावर आलं तर?"

"मी हाये की. तुमी तिकडं बघा, मी हिकडं बघते."

मी ओट्याच्या टोकाला गेलो आणि दगडावर बसलो. दिवसभराच्या उन्हानं दगड ऊबदार होता. सुनीता माझ्या पाठीला पाठ करून उभी राहिली, उसाकडं तोंड करून. कोयत्याचा आवाज थांबला होता. पाचटाचा धूर खाली बसला होता. मागून बॅटरीचा उजेड इकडून तिकडं फिरत होता, आणि तिच्या बांगड्या काठीवर वाजत होत्या.

गोठा आणि विहीर यांच्या फटीतून कालवा दिसला. धरणाचं आवर्तन सुटलंय, काठोकाठ भरून चाललाय. पाण्यावर शेवटचं ऊन होतं. गुळाच्या काहिलीसारखं. इंदू खोटं बोलत नव्हती. उसाच्या शेंड्याचं एक वाढं पाण्यावर पडलं होतं, ते वाहत आलं, फटीतून दिसलं आणि विहिरीच्या आड गेलं. मी ते परत यायची वाट बघत बसलो.

"मामा," सुनीता न वळता म्हणाली. "काय दिसतंय?"

"पाणी हाये."

"आन्?"

"चाललंय," मी म्हणालो. "पुढंच चाललंय."